बाग लादता येत नाही

"कोंडाण्याला चाललोय" असं मी म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "सिंहगड का?" नाही हो, तो कोंढाणा. हे आमचं कोंडाणे. कर्जत स्टेशनवर उतरायचं, वडा खायचा आणि कोंदिवड्याच्या रस्त्याला लागायचं. उल्हास नदीचं खोरं, वर राजमाची आणि डोंगराच्या कुशीत दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी. तिथे आमच्या आत्याची वाडी आहे. चार आंबे, दोन फणस, एक विहीर आणि कौलारू घर. नातेवाईकांपैकी जे हे वाचतायत त्यांना हे सगळं पाठ आहे, पण बाकीच्या मंडळींसाठी सांगितलं.

या वाडीत आम्ही एक बाग केली. ती आधी फसली, मग थोडी जमली. आणि मधल्या काळात मी जे वाचत बसलो होतो, त्याचीच ही गोष्ट आहे.

बाग केली ती माझ्या भाच्यासाठी. त्याचं नाव इथे लिहायचं नाही असं ताईनं बजावलंय, तेव्हा नुसतं 'भाचा'. वय अकरा. हुशार आहे, रेल्वेची वेळापत्रकं तोंडपाठ आहेत. पण एकदा भडकला की हाताला येईल ते फेकतो, स्वतःचं मनगट चावतो आणि मग तासभर पलंगाखाली जाऊन बसतो. डॉक्टरांच्या कागदावर 'भावनिक व वर्तनविषयक विकार' असं लिहिलेलं आहे. दोन शाळा झाल्या. दुसरीनं सहा महिन्यांतच "तुम्ही दुसरी सोय बघा" म्हणून सांगितलं. त्या दिवशी ताई माझ्याकडे आली आणि काही न बोलता चहा पिऊन गेली.

मग कुणीतरी 'सेन्सरी गार्डन' हा शब्द काढला. पाचही इंद्रियांना जागं करणारी, मन शांत करणारी बाग. मी उत्साहानं कामाला लागलो. मोटर लावून कारंजं केलं. बांबूच्या आणि पितळेच्या किणकिणणाऱ्या नळ्या टांगल्या. पांढऱ्या गोट्यांची वाट केली. रातराणी, निशिगंध, मोगरा, सोनचाफा सगळं एकाच कोपऱ्यात. लाल-पिवळ्या रंगाच्या कुंड्या. आत्या म्हणाली, "अरे, हे लग्नाच्या हॉलसारखं दिसतंय." मी दुर्लक्ष केलं.

भाचा आला. नळ्या वाजल्या तसे त्यानं कानावर हात ठेवले. मोटरची घरघर मला ऐकूही येत नव्हती, त्याला ती सोसवेना. दहाव्या मिनिटाला पांढरा गोटा आत्याच्या कौलांवर गेला, अकराव्या मिनिटाला दुसरा. आणि मग तो पळाला तो थेट वाडीच्या मागे. तिथे आंब्याखाली वाळलेल्या पानांचा ढीग होता, पेटवायचा म्हणून झाडून ठेवलेला. त्यात तो कमरेपर्यंत शिरून बसला. मी त्याला उठवायला निघालो तर वाडीवर कामाला येणाऱ्या ठाकरवाडीतल्या आजी म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊ तिथंच. शांत बसलाय तर कशाला उठवताय?"

पाऊण तास तो तिथे होता. पानं चुरगाळत. मी मात्र माझ्या कारंज्याकडे बघत बसलो.

मला एक खोड आहे. काही बिनसलं की मी त्याचा इतिहास शोधतो. म्हटलं, बागेनं मन बरं करायचं हे खूळ आलं कुठून ते तरी बघू.

सुरुवात अगदी घरातून झाली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी घर कसं बांधावं ते सांगितलंय. घर मजबूत असावं, वाऱ्याच्या झोतात नसावं पण एका बाजूनं हवा खेळती असावी, आत सुखानं हिंडता यावं, धूर-ऊन-धूळ येऊ नये. आणि पुढे जे आहे ते वाचून मी उठून उभाच राहिलो. नको असलेले शब्द, स्पर्श, रस, रूप आणि गंध तिथे पोचू नयेत, असं चरक सांगतो. म्हणजे पाचही इंद्रियांचा विचार झालेला आहे, पण कसा? आधी वजाबाकी! गाणारे, गोष्टी सांगणारे, पाखरं, दुभती गाय हे सगळंही त्या यादीत आहे, पण नंतर. मी बेरजेपासून सुरुवात केली होती.

आता आपल्या पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं असा सूर मला लावायचा नाही. त्याच ग्रंथात उन्मादाच्या उपचारांत रोग्याला दात काढलेल्या सापाची आणि शिकवलेल्या सिंह-हत्तींची भीती घालायलाही सांगितलंय. म्हणजे एकाच पोथीत शांत घरही आहे आणि धाकही. पुढच्या दोन हजार वर्षांत माणसानं याच दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घातलेल्या दिसतात.

दुसरं उदाहरण वाडीपासून तासाभराच्या चालीवर आहे. कोंडाण्याची लेणी इसवीसनाच्या आधीच्या शतकांतली मानतात. चैत्याची कमान पिंपळपानासारखी, दगड कोरून लाकडाचा भास केलेला. एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मीत छोटासा लेख आहे, कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं अशा अर्थाचा. बौद्ध भिक्खू एरवी हिंडते, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे. या निवासांना संघाराम म्हणत. आपण 'आराम कर' म्हणतो तो आराम फारसीतून आलेला, पण पाली-संस्कृतात 'आराम' म्हणजे चक्क बाग. बुद्धाला पहिली दानं मिळाली ती अशाच बागांची, वनांची. जीवक वैद्यानं तर राजगृहातलं आपलं आंब्याचं बन दिलं होतं. (आंबाच! भाच्याची निवड काही वाईट नव्हती.)

पावसाळ्यात या लेण्यांवरून धबधबा कोसळतो आणि आत बसलं की समोर पाण्याचा पडदा असतो. त्या एकाच आवाजात बाकीचे सगळे आवाज बुडून जातात. म्हणजे ही जागा निर्जन होती असं नाही, कोकणातून घाटावर जाणारी व्यापारी वाट याच डोंगरांतून जायची. तरी इथे येणारा माणूस आपल्या मर्जीनं यायचा आणि पावसाळा संपला की निघून जायचा. ही गोष्ट तेव्हा मला फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. पुढचं वाचलं आणि मग ती लक्षात आली.

मनोरुग्णांना बागेत ठेवायची आधुनिक कल्पना इंग्लंडातल्या यॉर्कची. तिथल्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळात १७९० साली हॅना मिल्स नावाची बाई मरण पावली. ती क्वेकर पंथाची होती आणि तिच्या पंथाच्या लोकांना तिला भेटूही दिलं गेलं नव्हतं. विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्यानं त्यावरून पंथाची स्वतंत्र संस्था काढायचं ठरवलं आणि १७९६ साली 'रिट्रीट' सुरू झालं. साखळदंड नाहीत, मारहाण नाही. शेत, बाग आणि अंगणात ससे, कोंबड्या. घाबरलेला माणूस सशाला जपताना स्वतःला सावरतो, असा त्यांचा अनुभव. खिडक्यांना गज दिसू नयेत म्हणून तावदानांची चौकटच लोखंडाची करून ती लाकडी भासेल अशी ठेवली होती. किती प्रेमानं केलेलं! पण बघा, लाकडी भासली तरी चौकट लोखंडाचीच होती.

ही कल्पना साहेबाबरोबर आपल्याकडे आली. मुंबईला कुलाब्यात वेड्यांचं इस्पितळ होतं, ते अपुरं पडू लागलं. १८५८ साली कायदा झाला, १८८६ साली रत्नागिरीचं इस्पितळ निघालं, १९०१ साली नरोत्तमदास माधवदास यांच्या नावानं ठाण्याचं, मग येरवड्याचं. ही सगळी गावाबाहेर, मोठ्या आवारात, झाडीत. हेतू चांगलाच होता. मोकळी हवा, मातीत काम, शांतता. पण त्या काळच्या वार्षिक अहवालांमध्ये बागकाम आणि विणकाम करणाऱ्या रुग्णांच्या श्रमाची किंमत रुपयांत मांडलेली असायची. उपचार म्हणून सुरू झालेली बाग हळूहळू इस्पितळाला भाजी पुरवणारा मळा झाली. येरवड्याची मंजूर क्षमता पुढे २५४० खाटांवर गेली. इतक्या माणसांत कुणाला मोगरा आवडतो आणि कुणाचं डोकं त्यानं दुखतं हे कोण विचारणार?

आणि आपण काय केलं? 'याला ठाण्याला पाठवायला हवं' हा विनोद केला. मीही केलाय, शाळेत असताना, खूपदा. आता तो शब्द ओठावर आला की भाचा आठवतो.

१९२० साली 'लुनॅटिक असायलम' ही पाटी जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आली. रांचीला बर्कली-हिल या डॉक्टरनं त्याच दशकात कामातून उपचाराचे चांगले प्रयोग केले. तरी भिंत तीच राहिली. गंमत म्हणजे त्या भिंतीआडची झाडी आज शहराला 'रिकामी जागा' वाटते. ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन ज्या जमिनीवर ठरलं, ती ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातली.

हे वाचत असताना मी जरा हबकलो होतो, आणि त्याला घरचं कारण होतं. त्याच सुमारास आपल्या घरात एक बोलणं चाललं होतं. कुणी सुरू केलं ते लिहीत नाही, ज्यांचं त्यांना कळेल. बोलणं असं : "भाच्याला कायमचं कोंडाण्यालाच ठेवलं तर? आत्या आहे, मोकळी हवा आहे, आता तर बागही आहे. शाळेची कटकट नाही, शेजाऱ्यांच्या तक्रारी नाहीत. ताईलाही जरा सुटका." सगळे मायेनंच बोलत होते. आणि खरं सांगतो, मीही मनातल्या मनात हो म्हटलं होतं.

कुलाब्याहून ठाण्याला जागा हलवताना त्या काळच्या भल्या माणसांनीही असाच विचार केला असेल. गावाबाहेर, चांगल्या हवेत, बागेत... आणि आपल्या नजरेआड.

मग पुढच्या काळात वेगळं काय घडलं ते शोधलं. तीन गोष्टी सापडल्या.

पहिली १९८४ ची. रॉजर उलरिक या संशोधकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळातल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. त्यांनी ना माती उकरली, ना फुलं हुंगली. फक्त बघावंसं वाटलं तेव्हा बघितलं.

दुसरी १९७० च्या दशकातली. नेदरलंडमध्ये यान हुलसेगे आणि अ‍ॅड फेरहुल या दोघांनी गंभीर बौद्धिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी प्रकाश, वास, स्पर्श यांच्या खोल्या केल्या आणि त्याला 'स्नूझेलेन' म्हटलं. हुंगणं आणि डुलकी काढणं अशा दोन डच क्रियापदांची खिचडी करून हा शब्द बनवलाय. त्यांचा मूळ नियम साधा : कुठे जायचं, काय हातात घ्यायचं, कधी थांबायचं हे त्या माणसानं ठरवायचं. सोबतच्यानं मागे राहायचं. अमेरिकेत जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईही त्याच काळात सांगत होत्या की मेंदू इंद्रियांकडून येणारं सगळं कसं जुळवतो हे मुलागणिक वेगळं असतं. एकाला जे पुरत नाही, ते दुसऱ्याला ऊतू जातं. पानांच्या ढिगात कमरेपर्यंत शिरणारा मुलगा अंगावर दाब शोधत असतो, हे आमच्या थेरपिस्ट बाईंनी मला समजावलं तेव्हा कुठे आजींचं म्हणणं पुरतं उमगलं.

तिसरी गोष्ट आमच्या कर्जतची. वेणगाव हे १८५७ वाल्या नानासाहेब पेशव्यांचं जन्मगाव म्हणून सांगतात. तिथे २००६ पासून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये मुंबईत हे काम सुरू केलं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे आणि त्यांच्या घरी, अगदी बिहार-बंगाल-दक्षिणेपर्यंत, पोचवायचं. २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर सात हजारांहून जास्त माणसं अशी परत गेली होती. इथेही शेत आहे, झाडं आहेत, शांतता आहे. पण माणूस इथे राहतो तो काही महिने, आणि सगळ्या हिरवाईचं तोंड त्याच्या घराकडे वळलेलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या बागा माणसाला आत घेण्यासाठी होत्या, ही माणसाला परत पाठवण्यासाठी आहे. झाडं तीच असतील, फरक एवढाच.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मी कधी वाचेन असं वाटलं नव्हतं, पण वाचला. त्यात स्पष्ट आहे की मानसिक आरोग्य संस्थेत कुणावर कामाची सक्ती करता येणार नाही आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यायला हवा. समाजात राहण्याचा हक्कही त्यातच आहे. शंभर-दीडशे वर्षांच्या भाजीच्या मळ्यांचं उत्तर दोन ओळींत.

तर मंडळी, मला जे समजलं ते एवढंच. बाग लादता येत नाही. वास लादता येत नाही, काम लादता येत नाही आणि बागेत असणंही लादता येत नाही. लादली की बागेची कोठडी होते, फुलं कितीही असोत.

आम्ही मग बाग पुन्हा केली. कारंजं आणि नळ्या काढल्या. गोटे उचलले आणि वाटेवर चोपून मुरूम घातला, फेकण्यासारखं काही ठेवलं नाही. वाट गोल आहे, चालत राहिलं की परत घराशीच येते, कुठे अडत नाही. वासाची झाडं विखरून लावली. ओवा, गवती चहा, तुळस, सब्जा ही पानं चुरगाळल्याशिवाय वास देत नाहीत, म्हणून ती वाटेच्या कडेला. मोगरा पार टोकाला, हवा असेल तो जाईल. प्राजक्त आहे, त्याची फुलं खाली पडतात, तोडली म्हणून कुणी ओरडत नाही. लाजाळू राहू दिली, ती त्याला फार आवडते. हात लावला की तीही मिटून घेते ना! कुंपणाची पिवळी कण्हेर काढली आणि कडेचा धोतराही उपटला, दोन्ही विषारी. खाजकुयलीचा वेल आजींनी स्वतः शोधून काढला. झोपाळा आंब्याला टांगलाय. विहिरीला जाळी आहेच, पाणी खेळायला एक उथळ दगडी डोणी आहे. जड झारी भरून नेणं त्याला मनापासून आवडतं. अंगाला वजन लागलं की तो निवतो. पण 'आता पाणी घाल' असं कुणीही सांगायचं नाही, हा नियम. आणि पानांचा ढीग आता पेटवत नाही. दर उन्हाळ्यात वाढवतो.

बागेच्या फाटकाला कडी आतून आहे, त्याच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. ते ओटीकडे उघडतं, रस्त्याकडे नाही. यावर आत्या आणि माझं बरंच वाजलं होतं. "पळाला म्हणजे?" ती म्हणाली. "पळून तुझ्याकडेच येईल ना," मी म्हटलं.

तो बरा झालाय असं मी लिहिणार नाही. औषध चालू आहे, थेरपी चालू आहे, गेल्याच महिन्यात घरी टीव्हीचा रिमोट फुटला. शनिवारी आजूबाजूच्या फार्महाऊसवर डीजे लागतो तेव्हा आमची सगळी वजाबाकी वाया जाते आणि आम्ही मुकाट्यानं सकाळची गाडी पकडतो. तिसरी शाळा मिळाली आहे, लहानशी. तिथल्या बाईंनी वर्गाच्या मागे एक कोपरा त्याला दिलाय, न विचारता उठून जाण्यासाठी. बाग कर्जतला आणि कोपरा शाळेत, पण जात एकच.

तो कोंडाण्याला राहत नाही. राहणारही नाही. ताईच्या घरी राहतो, आणि "मामा, कोंडाणे" म्हणाला की आम्ही जातो. कुठली लोकल, कितीला, हे तोच सांगतो. मागच्या वेळी ढिगातून बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, "तू येतोस आत?"

गेलो. पानं टोचतात हो... पण आत खरंच फार शांत वाटतं.